तेरा गुण : एका आजींची दुसऱ्यांदा घेतलेली चाचणी

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत १३/३० लिहिलेलं होतं आणि त्याभोवती गोल काढलेला होता. खाली एकच ओळ : ‘मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश, औषध सुरू करावे.’ मुलाने फाइल माझ्या टेबलावर ठेवली, आईला खुर्चीत नीट बसवलं आणि विचारलं, “मॅडम, हे पक्कं आहे का, तेवढंच सांगा. आणि पक्कं असेल तर तेराचे शून्य व्हायला किती वर्षं लागतात?”

असा प्रश्न विचारणारा माणूस कित्येक रात्री झोपलेला नसतो. त्याच्या आवाजात हिशेब नव्हता, भीती होती.

आजींचं वय ७१. माण तालुक्यातलं गाव, कोरडवाहू शेती, विहिरीच्या पाण्यावर थोडा भाजीपाला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. गळ्यात तुळशीची माळ. मालक आदल्या चैत्रात गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी शेजारच्या गावात दिलेली. गणपती झाल्यावर मुलाने आईला हडपसरला, सातव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटवर आणलं. तीन महिन्यांत घरच्यांच्या लक्षात यायला लागलं की आई विसरते, एकाच गोष्टीचं परत परत विचारते, हाक मारली तर ओ देत नाही. डिसेंबरात एका ठिकाणी चाचणी झाली. जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, त्या माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजींची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे.)

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. चाचण्या घेणं हे माझं रोजचं काम. आणि मला मनापासून वाटतं की चाचणी नीट घेतली, नीट वाचली, तर तिच्याइतकं न्याय्य साधन आमच्या हातात दुसरं नाही. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, त्याचं कारण हेच.

गेलेले सतरा गुण

आदल्या चाचणीचा फॉर्म फाइलमध्ये होता. ज्या कोणी ती चाचणी घेतली होती, त्या व्यक्तीने एक काम फार चांगलं केलं होतं : नुसते गुण न देता आजींचं उत्तर जसंच्या तसं पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवलं होतं. त्या बारीक अक्षरांमुळेच पुढचं सगळं शक्य झालं.

चाचणी होती एमएमएसई, म्हणजे मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत ती तयार केली. एकूण ३० गुण, दहा मिनिटांत होते, जगभर वापरली जाते. ती बनली इस्पितळातल्या रुग्णांची पटकन तपासणी करण्यासाठी. निदान करायचं काम तिच्याकडे कधीच नव्हतं. शिवाय शिक्षणाचा तिच्यावर किती परिणाम होतो, हे खुद्द अमेरिकेतच १९९३ साली १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या गुणांवरून दाखवून झालं आहे : नऊ किंवा अधिक वर्षं शाळेत गेलेल्यांचा मध्यांक २९, तर चार वर्षांपेक्षा जास्त न शिकलेल्यांचा २२. हे सगळे समाजात राहणारे सर्वसाधारण लोक होते. फरक होता शाळेचा.

मी आजींचे गेलेले सतरा गुण एकेक करून मोजले.

शंभरातून सात वजा करत जा, यावर पाच गुण. आजींना शून्य. वाक्य वाचा आणि तसं करा, एक गुण, शून्य. एक वाक्य लिहा, शून्य. एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन पाहून काढा, शून्य; शेजारी पेन्सिलीने लिहिलेलं : ‘पेन धरता येत नाही म्हणाल्या.’ हे आठ गुण शाळेत न गेल्याचे. मेंदूच्या आजाराशी यांचा संबंध जोडायलाच काही आधार नाही.

स्थळ-काळाच्या भानाचे दहा गुण असतात, त्यातले पाच गेले. साल सांगता आलं नाही. तारखेला उत्तर होतं, ‘परवा एकादस झाली.’ महिना कोणता? ‘मार्गेसर.’ त्याला शून्य. मी मागे जाऊन पंचांग पाहिलं. तो मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार होता. एकादशी दोनच दिवसांपूर्वी झालेली होती. वार विचारल्यावर त्यांनी ‘बेस्तरवार’ सांगितलं होतं आणि त्याचा गुण मात्र मिळाला होता. जिल्हा कोणता, तर सातारा. मजला कितवा, तर ‘वर’.

सांगितलेल्या तीन शब्दांपैकी (सफरचंद, टेबल, पैसा) थोड्या वेळाने एकच आठवला, पैसा. दोन गुण गेले, आणि हे दोन मी बाजूला काढून ठेवले. यांच्याकडे परत यायचं होतं.

उरले दोन. एक वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणायचं होतं. मूळ इंग्रजी वाक्य उच्चाराला अवघड म्हणून निवडलेलं आहे. फॉर्मवर त्याचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं मराठी होतं : ‘जर नाही, आणि नाही, परंतु नाही.’ हे मला स्वतःलाही एका दमात म्हणता आलं नाही. आणि शेवटचा गुण असा गेला : कागद उजव्या हातात घ्या, मधोमध घडी घाला आणि जमिनीवर ठेवा. आजींनी घडी घालून तो टेबलावर ठेवला. चूक. मी आजींना पुढे एकदा हे विचारलं. त्या म्हणाल्या, “कागुद पायाशी कसा ठिवायचा ताई? सरस्वती असती ती.”

सतरापैकी चौदा-पंधरा गुणांचा आजाराशी काही संबंध लागत नव्हता. पण याचा अर्थ आजी ठणठणीत आहेत, असाही नव्हता. हे मी मुलाला त्याच दिवशी सांगितलं. आपल्या देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्यातले कितीतरी ‘वय झालं’ म्हणून घरातच राहतात. चुकीचं लेबल लावणं जेवढं वाईट, तेवढंच खरं लेबल टाळणंही.

मुलाची वही

मुलगा नोंदी ठेवणारा होता. त्याने आईच्या चुका एका वहीत तारखेनिशी लिहिल्या होत्या, एकूण १४. सहा ठिकाणी गोष्ट अशी होती की आईला काही सांगितलं आणि तिने भलतंच केलं किंवा काहीच केलं नाही. चार ठिकाणी नवं घर होतं : देवळातून येताना चुकून शेजारच्या विंगमध्ये गेली, लिफ्टमध्ये भलतंच बटण दाबलं, इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं, बाथरूमचा गरम-गार नळ कळेना. चारही विंग एकाच रंगाच्या असतील तर मीही चुकेन.

उरलेल्या चार नोंदी मात्र मी दोनदा वाचल्या. बीपीची गोळी घेतली हे विसरून पुन्हा मागितली. लेकीचा फोन येऊन गेला होता आणि तासाभराने विचारलं, “आज पोरीचा फोन न्हाई आला?” आमटीत मीठ दोनदा पडलं. आणि चौथी : नातवाच्या शाळेत कार्यक्रम आहे हे सकाळी सांगितलं होतं, दुपारी तिला ते अजिबात माहीत नव्हतं.

माझ्या दृष्टीने प्रश्न आता वेगळा झाला होता. ‘स्मृतिभ्रंश आहे की नाही’ यापेक्षा ‘या वर्षभरात आजींमध्ये नेमकं काय बदललं, आणि कशामुळे’ असा. चाचण्या निवडायच्या त्या या प्रश्नाला धरून. नाहीतर कपाटात आहे ती सगळी पेटी उघडून बसायचं आणि म्हाताऱ्या माणसाला तीन तास दमवायचं, हे आमच्या क्षेत्रात घडतं आणि मला ते बघवत नाही.

आधी कान

पहिल्या भेटीत मी एकही चाचणी घेतली नाही. खुर्ची आजींच्या उजवीकडून डावीकडे नेली, तोंडासमोर फाइल धरून दोन प्रश्न विचारले, मग फाइल काढून तेच विचारले. फाइल होती तेव्हा त्या हसून मान डोलवायच्या. काढली की उत्तर द्यायच्या. त्या ओठ बघून समजून घेत होत्या.

ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. उजव्या कानाची श्रवणपातळी ५५ डेसिबल, डाव्याची ६०. साध्या बोलण्यातलं अर्धं निसटतं अशी ही पातळी. गावाकडे अंगणात, एकमेकांसमोर बसून, मोकळ्या आवाजात बोलणं व्हायचं, तिथे हे झाकून गेलं. फ्लॅटमध्ये सून स्वयंपाकघरातून, पाठमोरी, मिक्सर चालू असताना बोलते. वहीतल्या सहा नोंदी इथे गेल्या.

त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिशियन यांच्याशी बोलून रक्ताच्या तपासण्या झाल्या. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी, १४० पिकोग्रॅम. माळकरी, म्हणजे मांसाहार वर्ज्य, त्यात गेले कित्येक महिने जेवण नावापुरतं, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. एमआरआय आधीच झालेला होता : ‘वयाला साजेसा आकुंचनाचा बदल’, बाकी काही नाही. हे शब्द वाचून घरच्यांनी धसका घेतला होता. सत्तरीत ते बहुतेकांच्या रिपोर्टात असतात. आणखी एक गोष्ट पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्यावर कळली. झोप येत नाही म्हणून ऑक्टोबरपासून रात्री अल्प्राझोलाम ०.५ चालू होती. आदली चाचणी सकाळी साडेनऊला झाली होती, गोळीचा अंमल पुरता उतरलेला नसताना. या गोळीने नवं लक्षात ठेवण्याची ताकद कमी होते आणि म्हाताऱ्या माणसात हा परिणाम जास्त टिकतो.

तीन बैठका

गोळी कमी करत आणायला मनोविकारतज्ज्ञांनी सुरुवात केली. ती अंगातून पुरती जाईपर्यंत थांबणं सगळ्यांत चांगलं झालं असतं, पण आजींची मनःस्थिती पाहता महिना घालवणं मला बरं वाटेना. चाचण्या दुपारी घेतल्या, तीन दिवसांत विभागून, एका वेळी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. आमच्याकडे हातात धरायचं आवाज वाढवणारं छोटं यंत्र आहे, हेडफोन लावायचा आणि माइक माझ्या हातात. ते लावल्यावर आजी पहिल्यांदा सरळ बसल्या. “आता तुमी जवळ आल्यागत वाटतंय,” म्हणाल्या.

भानाची, लक्षाची आणि भाषेची तपासणी एचएमएसईवरून केलेल्या मराठी फॉर्मने केली. एचएमएसई म्हणजे हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत-अमेरिका संयुक्त प्रकल्पात ती तयार केली, १९९५ साली प्रसिद्ध झाली. शाळेत न गेलेला माणूस समोर ठेवून एमएमएसईतला एकेक प्रश्न त्यांनी पुन्हा विचारात घेतला. वाचून डोळे मिटा, याऐवजी ‘माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा’. वाक्य लिहा, याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’. उलट अक्षरं सांगण्याऐवजी वार उलटे सांगायचे. मला हे काम भारतीय मानसशास्त्रातल्या उत्तम कामांपैकी एक वाटतं, कारण चाचणी सोपी न करता त्यांनी तिचं जग बदललं.

आजींनी वार उलटे सांगितले, एक चूक करून आणि ती स्वतःच दुरुस्त करून. घराबद्दल सांगा म्हटल्यावर त्यांनी गावच्या घराबद्दल सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. चुलीमागची भिंत कशी पोपडे धरते, तिथे गेल्या दिवाळीला पांढरी माती लावायची राहिली, “कारण मालकच न्हाईत तर कुणासाठी लावायची.” एका वाक्याला गुण एकच. पण गेल्या दिवाळीत घडलेली, ठिकाण आणि कारण यांसह सांगितलेली अशी आठवण स्मृतिभ्रंशाच्या मध्यम टप्प्यावरचा माणूस सहसा सांगू शकत नाही, हे मी कडेला लिहिलं.

आकडेमोडीसाठी चाचणीचा प्रश्न विचारून झाल्यावर मी आपला एक घातला. आजी तीस वर्षं तालुक्याच्या आठवडी बाजारात बसायच्या. “मेथीची पेंडी पंधराला. मी चार घेतल्या आणि शंभराची नोट दिली. किती परत द्याल?”

“चाळीस.” क्षणाचाही वेळ नाही. मग माझ्याकडे बघून, “चार घेतल्यावर पाच रुपये सोडायचं असत्यात. पंचेचाळीस घ्या.”

याला गुण नाहीत. पण शंभरातून सात वजा करताना मिळालेल्या शून्याशेजारी हे लिहिणं मी माझं कर्तव्य मानते.

आकृती काढायला लावण्याऐवजी आगकाड्या दिल्या. काड्यांनी नमुना पाहून आकृती मांडायची ही चाचणी नायजेरियातल्या इबादानमध्ये, पेन न धरलेल्या वृद्धांसाठी तयार झाली. चारपैकी तीन आकृत्या बिनचूक मांडल्या. चौथीत एका काडीचं गुल उलट बाजूला झालं.

एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. सात. पहिली पंधरा सेकंद काहीच नाही, मग गाय, म्हैस, शेळी, आणि थांबल्या. जोर लावायची इच्छाच दिसत नव्हती. पुढे बाजारातल्या भाज्या विचारल्या, तर पंधरा. भाज्यांसाठी त्यांच्या वयाचे आणि शिक्षणाचे तुलना करायला नॉर्म्स, म्हणजे सर्वसाधारण गुणांचे तक्ते, माझ्याकडे नाहीत, म्हणून त्या पंधरावरून काही सिद्ध होत नाही. एवढंच दिसलं की गोदाम रिकामं नाही, दार जड झालं आहे.

आता ते बाजूला ठेवलेले दोन गुण. स्मरणासाठी १० शब्दांची यादी घेतली, सगळे रोजच्या वापरातले, चित्रांसह. यादी तीनदा ऐकवली आणि दाखवली, दरवेळी आठवतील ते सांगायचे. तीन, चार, पाच. वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं, तर फक्त दोन. इथे थांबले असते तर ‘विसरतात’ असं लिहून मोकळी झाले असते. पण पुढची पायरी खरी महत्त्वाची. वीस चित्रं समोर ठेवायची, दहा ऐकलेली आणि दहा नवी, आणि विचारायचं, यातलं कोणतं मघाशी होतं? आजींनी दहापैकी नऊ ओळखली. नव्यापैकी एकालाही ‘हे होतं’ म्हटलं नाही.

हा फरक समजून घ्यायला हवा. अल्झायमरमध्ये नवी माहिती मुळात साठतच नाही, म्हणून इशारा देऊन, चित्र दाखवूनही फार उपयोग होत नाही, आणि न दाखवलेलंच ‘होतं’ म्हणून सांगितलं जातं. नैराश्यात माहिती आत जाते, पण बाहेर काढायला लागणारा जोर राहत नाही. ओळखायला दिलं की ती सापडते. आजींचा नमुना दुसऱ्या प्रकाराकडे झुकत होता. किलो या मनोविकारतज्ज्ञांनी १९६१ साली अशा रुग्णांवर लिहिलं, तेव्हापासून ‘आभासी स्मृतिभ्रंश’ ही कल्पना आमच्याकडे रुळली. मी ती जपून वापरते, कारण उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी पुढे येणाऱ्या खऱ्या स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असतं.

तिसऱ्या बैठकीत जीडीएस, वृद्धांसाठीची नैराश्य मापनश्रेणी, १५ प्रश्नांची. उत्तरं फक्त हो किंवा नाही, आणि प्रश्नांत भूक, झोप, अंगदुखी मुद्दाम टाळलेली, कारण ती वयामुळेही बिघडतात. पहिलाच प्रश्न, आयुष्याबद्दल समाधानी आहात का? “व्हय. पोरानं सोन्यासारखं ठिवलंय.” मुलगा बाहेरच्या बाकावर बसला होता आणि दार अर्धं उघडं होतं. मी उठून दार लावलं, सुरुवातीपासून पुन्हा विचारलं. या वेळी आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जीव लागत न्हाई वो ताई. खाली बायका मार्गेसराचं घट मांडत व्हत्या, मी वरनं बघितलं आन् आत येऊन बसले. आता माजं काय काम तिथं.”

१५ पैकी ११. मध्यम ते तीव्र नैराश्याकडे बोट दाखवणारा आकडा.

‘पांडुरंगानं आता उचलावं’ असं त्या घरी म्हणायच्या. सगळीच म्हातारी माणसं म्हणतात, असं मुलाचं मत. मी सरळ विचारलं, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? “येतं कदी कदी. पर माळ घातलीया.” हे त्याच संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञांना कळवलं आणि आजींच्या परवानगीने मुलालाही. घरात त्यांना एकटं न ठेवण्याची व्यवस्था त्याच रात्रीपासून झाली. कोणत्याही चाचणीच्या आकड्यापेक्षा हे एक वाक्य जास्त तातडीचं होतं.

दोन साक्षीदार

नातेवाइकांकडून माहिती घेण्यासाठी १६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता कसं आहे, हे एक ते पाच गुणांत सांगायचं. तीन म्हणजे काही बदल नाही, पाच म्हणजे फारच बिघडलं. मुलाच्या उत्तरांची सरासरी आली ४.१. ही काळजी वाटावी अशीच. मग मी गावाकडच्या मुलीला फोन केला. ती दर आठवड्याला माहेरी जायची, पुण्याला येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. तिची सरासरी ३.२.

कोणीच खोटं बोलत नव्हतं. मुलाने पाहिलेली आई तीन महिन्यांची, बहिरी झालेली, झोपेच्या गोळीवरची, सातव्या मजल्यावरची. मधल्या पंधरा वर्षांत तो दिवाळी आणि जत्रेला जात होता. मुलीने पाहिलेली आई भाद्रपदातसुद्धा शेतमजुरांचा हिशेब तोंडी ठेवत होती. ‘मागं आबा गेल्यापासनं ती बोलायची कमी झाली, पर इसरत न्हवती,’ असं ती म्हणाली. हळूहळू वर्षानुवर्षं उतरत गेलेली रेघ तिच्या सांगण्यात कुठेच नव्हती. एका चैत्रात आलेली खाच होती, आणि गणपतीनंतर आलेली दुसरी.

अहवाल

मी अहवाल मराठीत लिहिला, दोन पानी. त्यातला मुख्य भाग असा :

‘उपलब्ध माहितीवरून या टप्प्यावर स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही. आधीच्या चाचणीतील कमी गुणांचा मोठा भाग औपचारिक शिक्षणाचा अभाव, श्रवणदोष आणि प्रश्नांची भाषा यांमुळे आहे. नवीन माहिती साठवण्याची क्षमता बरीचशी शाबूत आहे. ती आपणहून आठवून सांगण्यात स्पष्ट अडचण आहे. नैराश्याची लक्षणे ठळक आहेत आणि त्यावर त्वरित उपचार आवश्यक आहेत. श्रवणयंत्र, बी-१२ आणि झोपेच्या औषधाचा फेरविचार यानंतर सहा ते आठ महिन्यांनी स्मरणाची चाचणी पुन्हा घ्यावी. सौम्य स्वरूपाचा बोधात्मक (स्मरण व विचारशक्तीचा) ऱ्हास सुरू झाला असण्याची शक्यता आज नाकारता येत नाही.’

एकूण गुण मी शेवटी, कंसात दिले. गोल केला नाही.

अहवाल घ्यायला आला तेव्हा मुलाने जरा चाचरत आणखी एक विचारलं. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली होती, आता आई आणि बहीण दोघींकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं घरात चाललं होतं. आई अंगठा देऊ शकते का? फाइलमध्ये स्मृतिभ्रंश लिहिला असता तर नोंदणीच्या वेळी अडचण आली असती, किंवा उद्या कुणी तो कागद रद्द करायला गेलं असतं.

मी त्याला सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर गुणांत नसतं. १८७२ च्या करार कायद्यातसुद्धा कसोटी अशी आहे की, करार करताना त्या माणसाला तो समजतो का आणि आपल्या हिताच्या दृष्टीने त्याचा सारासार विचार करता येतो का. तेव्हा त्यांनाच विचारू. आजींना यंत्र लावून मी काय कागद आहे, त्याने काय होईल, हे विचारलं. त्यांनी गटासह जमीन सांगितली, विहिरीतला वाटा सांगितला, अंगठा दिल्यावर आपलं नाव जाईल हे सांगितलं. आणि म्हणाल्या, “माजं पोराला देते. पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या. तिला इचारल्याबिगर मी अंगठा द्येनार न्हाई.” मुलगा खाली बघत होता. मग त्याने फक्त “बरं” म्हटलं. मी आजींची वाक्यं शब्दशः नोंदवून ठेवली.

सात महिन्यांनी

मधल्या काळात मनोविकारतज्ज्ञांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू करून हळूहळू वाढवलं, अल्प्राझोलाम सहा आठवड्यांत बंद केली, बी-१२ ची इंजेक्शनं झाली. श्रवणयंत्र दोन्ही कानांना बसवलं, पहिला महिना त्यांनी ते उशीखाली ठेवलं, मग सुनेने रोज सकाळी स्वतःच्या हाताने आजींच्या कानांत घालायला सुरुवात केली. माझ्याकडे दर पंधरा दिवसांनी येत होत्या. आम्ही मुख्यतः मालकांबद्दल बोलायचो. उन्हाळ्यात दोन महिने गावी राहून आल्या, चुलीमागची भिंत सारवून आल्या. यातल्या कशाने किती फरक पडला, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही. सगळं एकदमच चालू होतं.

ऑगस्टमध्ये चाचणी पुन्हा घेतली. शब्दांची यादी वेगळी, म्हणजे सरावाचा फायदा नको. तीन फेऱ्यांत चार, सहा, सात. जीडीएस ११ वरून ४ वर. प्राणी सातचे बारा झाले.

मेथीचा प्रश्न मी जानेवारीत लिहिला होता तसाच वाचला. पेंडी पंधराला, चार घेतल्या, शंभराची नोट. आजींनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “श्रावणात पंधराला कुटं मिळती मेथी? तीस झालीया. शंभरात तीनच येतील, धा रुपये परत.” त्या आता शनिवारी सुनेबरोबर मंडईला जातात.

वीस मिनिटांनंतरचं स्मरण दहापैकी चार. दोनाचे चार झाले ही सुधारणा आहे. पण शिकलेल्या सातातले तीन वीस मिनिटांत गेले, आणि मनःस्थिती सावरल्यावरही गेले, हे मला सोडून देता येत नाही. ओळखण्यात मात्र अजूनही नऊ. मुलाला मी हे आकडे तसेच सांगितले. त्याने वहीत लिहून घेतले, आणि वहीत आता आईने केलेल्या बऱ्या गोष्टीही लिहिलेल्या दिसल्या.

पुढची चाचणी येत्या फेब्रुवारीत, दुपारच्याच वेळेला, यंत्र घालून, तिसऱ्या यादीने. ओळखण्याचे नऊ जर खाली आले, किंवा न दाखवलेल्या चित्रांना ‘हे होतं’ म्हणणं सुरू झालं, तर अहवालातली पहिली ओळ मला बदलावी लागेल, आणि मी ती बदलेन.